भूमीची सावकाश चाल आणि उपग्रहांची मोजणी

(प्राथमिक शिक्षकांसमोर दिलेले व्याख्यान)



भूगोलाच्या तासाला भूकंपाचा विषय निघाला म्हणजे मुले दोन प्रश्न हमखास विचारतात. भूकंप का होतो, हा पहिला; आणि पुढचा भूकंप केव्हा होणार, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात सापडते. दुसऱ्याचे सापडत नाही, आणि म्हणूनच ते गावात निरनिराळ्या तोंडांतून ऐकू येऊ लागते. कोणी ग्रहांकडे बोट दाखवितो, कोणी अमुक तारीख सांगतो, आणि एखाद्या रात्री सारे गाव अंगणात जागत बसते. अशा वेळी लोक शाळेकडे पाहतात. गुरुजी काय म्हणतात, बाई काय म्हणतात, ह्याला आजही खेडेगावात वजन आहे. ते वजन सार्थ ठरावे, एवढ्यासाठी आजचा विषय मी निवडला आहे.

ह्या दोन प्रश्नांच्या मध्ये तिसरा एक प्रश्न आहे, आणि तो मुलांना सुचत नाही. भूकंप झालेला नसताना, म्हणजे सगळे शांत दिसत असताना, जमिनीखाली काय चाललेले असते? गेल्या सुमारे पस्तीस वर्षांत ह्या प्रश्नाचे उत्तर मोजपट्टीने द्यावे तसे देता येऊ लागले आहे, आणि ती मोजपट्टी आकाशातील कृत्रिम उपग्रहांची आहे. ती कशी वापरतात, तिने काय कळते, आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे काय कळत नाही, हे आपणांस पाहावयाचे आहे.

शंभर वर्षांपूर्वीची मोजणी

ह्या विषयाची सुरुवात उपग्रहांच्या पुष्कळ आधी झालेली आहे. १८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात सॅन फ्रॅन्सिस्को शहराजवळ मोठा भूकंप झाला. तेथे सॅन आंद्रेआस नावाचा एक प्रचंड प्रस्तरभंग आहे. खडक तुटून ज्या पृष्ठावर त्याच्या दोन बाजू एकमेकींना घासून सरकतात, त्या पृष्ठास भूशास्त्रात भ्रंश म्हणतात. त्या सकाळी हा भ्रंश सुमारे ४७० किलोमीटर लांबीवर तुटला. त्याला ओलांडून जाणारे रस्ते आणि शेतांची कुंपणे मध्येच तुटून बाजूला सरकली. काही ठिकाणी हे अंतर सहा मीटरांपर्यंत भरले. आपल्याकडे शेताचा बांध हातभर सरकला तरी तंटा कोर्टापर्यंत जातो. येथे तर अवघ्या मिनिटभरात निसर्गाने सहा मीटर बांध सरकविला होता!

त्या प्रदेशाची त्रिकोणमितीय मोजणी भूकंपापूर्वी, एकोणिसाव्या शतकात, दोन वेळा झालेली होती. भूकंपानंतर तीच ठिकाणे पुन्हा मोजण्यात आली. हॅरी फील्डिंग रीड ह्या प्राध्यापकांनी तिन्ही मोजण्या शेजारीशेजारी मांडल्या, तेव्हा एक विलक्षण गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. भ्रंशापासून दूर असलेल्या दोन्ही बाजूंच्या खुणा भूकंपाच्या आधीच्या पन्नास वर्षांत एकमेकींच्या विरुद्ध दिशांना सुमारे तीन मीटर सरकलेल्या होत्या. भ्रंशाच्या कडेची जमीन मात्र ह्या काळात एकमेकीला धरून राहिलेली होती. ती सरकली ती भूकंपाच्या क्षणी.

ह्यावरून रीड यांनी १९१० साली आपला सिद्धांत मांडला. भ्रंशाच्या दोन्ही बाजू घर्षणामुळे एकमेकींत अडकून बसतात. दूरची जमीन मात्र सावकाश सरकतच राहते. त्यामुळे मधला खडक वाकतो. खडक आपल्याला कठीण दिसतो. परंतु फार मोठ्या आकारमानात पाहिले तर तोही वेताच्या छडीसारखा थोडा वाकतो आणि ताण साठवितो. हा ताण घर्षणाच्या शक्तीहून अधिक झाला की अडकलेला भाग निसटतो, वाकलेला खडक उसळून सरळ होतो, आणि साठलेली शक्ती लहरींच्या रूपाने बाहेर पडते. हाच भूकंप होय.

म्हणजे भूकंप जरी मिनिटभरात होत असला, तरी त्याची तयारी शतकानुशतके चाललेली असते. ही तयारी वर्षाला काही सेंटीमीटर, कित्येकदा काही मिलिमीटर इतक्या गतीने चालते. डोळ्यांना ती दिसत नाही. साखळीने आणि दुर्बिणीने ती मोजावयाची तर पन्नास वर्षे थांबावे लागते. ही अडचण उपग्रहांनी दूर केली.

उपग्रहावरून स्थान कसे मोजतात?

आपल्यापैकी पुष्कळांच्या खिशातील फोनमध्ये जी.पी.एस. असते. अमेरिकेने ह्या प्रणालीचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला आणि १९९५ साली ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. तिचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असते. मी अमुक ठिकाणी आहे आणि आता इतके वाजले आहेत, असा संदेश तो उपग्रह रेडिओलहरींवर सतत पाठवीत असतो. ह्या लहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लक्ष किलोमीटर ह्या वेगाने येतात. संदेश निघाला केव्हा आणि पोहोचला केव्हा हे कळले म्हणजे वेगाने गुणून अंतर काढता येते. वेग, वेळ आणि अंतर ह्यांचे प्राथमिक शाळेतील गणित ते हेच.

तीन उपग्रहांपासूनची अंतरे कळली की आपले स्थान निश्चित होते. मात्र जमिनीवरील यंत्रात अणुघड्याळ नसते. त्याच्या साध्या घड्याळाची चूक काढून टाकण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. घड्याळाची ही चूक क्षुल्लक समजू नये. सेकंदाचा शंभर कोटीवा भाग घेतला, तरी तेवढ्या अवधीत प्रकाश ३० सेंटीमीटर जातो.

फोनवरील स्थानात काही मीटरांची चूक राहते. रस्ता शोधण्यास तेवढे पुरे होते; परंतु भूशास्त्रज्ञांना मिलिमीटर हवे असतात. ते त्यांस कसे साधते? पहिली गोष्ट अशी की, ते केवळ संदेशाच्या वेळेवर अवलंबून राहत नाहीत. ज्या रेडिओलहरीवर संदेश येतो, त्या लहरीचेच माप घेतात. ह्या लहरीची लांबी सुमारे १९ सेंटीमीटर असते, आणि लहर कोणत्या टप्प्यात येऊन पोहोचली हे तिच्या शंभराव्या हिश्शापर्यंत ओळखता येते. दुसरी गोष्ट म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युन्मय थरातून येताना लहरींस जो विलंब होतो, तो दोन निरनिराळ्या लांबीच्या लहरी वापरून हिशेबातून काढून टाकतात. तिसरी गोष्ट सर्वांत साधी आणि सर्वांत महत्त्वाची आहे, ती म्हणजे चिकाटी. यंत्राची अँटेना खडकात पक्क्या रोवलेल्या खांबावर बसवितात आणि ती हलू देत नाहीत. दिवसभराच्या हजारो निरीक्षणांवरून त्या दिवसाचे एक स्थान काढतात. असे दररोज, वर्षानुवर्षे चालते. एका दिवसाच्या मापात काही मिलिमीटरांची चूक असू शकते. परंतु पाच वर्षांचे बिंदू आलेखावर मांडले की त्यांतून एक रेषा स्वच्छ दिसू लागते. त्या रेषेचा चढ म्हणजेच त्या ठिकाणाची गती.

ह्या पद्धतीने कळून आले आहे की, आपला भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर इतक्या गतीने ईशान्येकडे सरकतो आहे. आपल्या शाळेची इमारत, तिच्यापुढील वडाचे झाड आणि गावची वेस ही सर्व त्याच्याबरोबर चालली आहेत. एखाद्या शिक्षकाची तीस वर्षांची नोकरी एकाच शाळेत झाली, तर तेवढ्या काळात ती शाळा दीड मीटर पुढे गेलेली असते! सगळेच बरोबर जात असल्यामुळे कोणाला काही जाणवत नाही, इतकेच.

भ्रंश किती प्रकारांनी सरकतो?

भ्रंशाच्या दोन्ही बाजूंस अशी स्थानके ओळीने बसविली आणि प्रत्येकाची गती काढली, म्हणजे भ्रंशाच्या पोटात काय चालले आहे ह्याचे अनुमान करता येते. ह्या अनुमानाची रीत समजण्यास कठीण नाही.

समजा, भ्रंश मोकळा आहे आणि त्याच्या दोन बाजू एकसारख्या घसरत आहेत. मग एका बाजूची सर्व स्थानके एका गतीने आणि दुसऱ्या बाजूची सर्व स्थानके दुसऱ्या गतीने जातील, आणि गतीतील फरक नेमका भ्रंशावर, एका पावलात दिसेल. आता समजा, भ्रंश अडकलेला आहे. मग त्याच्या लगतची दोन्ही बाजूंची स्थानके जवळजवळ एकाच गतीने जातील, आणि फरक दूरवर, कित्येक किलोमीटर पसरून, हळूहळू दिसेल. हा पसारा जितका रुंद, तितका भ्रंश अधिक खोलीपर्यंत अडकलेला. जमिनीवरची मोजणी जमिनीच्या पोटातील गोष्ट सांगते, ती ह्या रीतीने.

सॅन आंद्रेआस भ्रंशावर दोन्ही प्रकार पाहावयास मिळतात. त्याचा मधला एक भाग मोठ्या भूकंपावाचून वर्षाला काही सेंटीमीटर गतीने नुसता घसरत असतो. त्यावर बांधलेल्या भिंतींना तडे जातात आणि रस्त्याच्या कडा हळूहळू वाकड्या होतात. पण तेथे फारसा ताण साठून राहत नाही. उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील भाग मात्र अडकलेले आहेत, आणि मोठे भूकंप झाले ते तेथे.

तिसरा प्रकार उपग्रहांच्या मोजणीवाचून उघडकीस येणे जवळजवळ अशक्य होते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर एक सागरी भूपट्ट जमिनीखाली घुसतो आहे. त्यामुळे किनाऱ्यावरील स्थानके एरवी सावकाश आतल्या बाजूस ढकलली जातात. १९९९ च्या उन्हाळ्यात त्यांतील सात स्थानके काही दिवस उलट, समुद्राकडे सरकली. हे सरकणे थोड्या मिलिमीटरांचे होते. हर्ब ड्रॅगर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी २००१ साली ह्याचा उलगडा प्रसिद्ध केला. खोलवर भ्रंशाचा एक विस्तीर्ण भाग सुमारे दोन सेंटीमीटर सरकला होता, परंतु इतक्या सावकाश की कोणास धक्का म्हणून जाणवला नाही. तेवढीच हालचाल एकदम झाली असती तर चांगला मोठा भूकंप झाला असता. पुढे आढळून आले की, तेथे ही गोष्ट साधारणपणे दर चौदा महिन्यांनी घडते. अशा घटनेस मंद सरकणे म्हणतात. खोलवरचा भाग सरकला की त्याच्या वरच्या अडकलेल्या भागावर थोडा अधिक ताण येतो, म्हणून शास्त्रज्ञ तिच्याकडे बारकाईने लक्ष ठेवतात.

हिमालयाचे उदाहरण

आता आपण आपल्या देशाच्या उत्तर सीमेकडे वळू. भारतीय भूपट्ट उत्तरेस आशियाला भिडतो आणि हिमालयाखाली घुसतो. तेथे पर्वतरांगेखालून उत्तरेकडे उतरत जाणारा एक विशाल भ्रंश आहे. त्याचे वरचे टोक पर्वताच्या पायथ्याशी, तराईच्या कडेला जमिनीवर येते.

१९९० नंतर नेपाळात उपग्रहांच्या साहाय्याने मोजणी होऊ लागली. रॉजर बिल्हॅम आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दक्षिणेकडील मैदान आणि उत्तरेकडील तिबेट ह्यांच्यातील अंतर वर्षाला सुमारे दोन सेंटीमीटरांनी कमी होत आहे, असे त्यांतून दिसले. परंतु हे अंतर कमी होते ते पायथ्याशी नव्हे. भ्रंश जेथे जमिनीवर येतो तेथे जवळजवळ काहीच हालचाल नाही. अंतर आकसते ते पुष्कळ उत्तरेस, हिमशिखरांच्या आसपास. ह्याचा अर्थ उघड होता. शिखरांच्या पलीकडे, खोलवर, भ्रंश सावकाश घसरतो आहे. आणि शिखरांपासून पायथ्यापर्यंतचा सुमारे शंभर किलोमीटर रुंदीचा भाग घट्ट अडकलेला आहे. ह्याच भागावर काठमांडू वसलेले आहे. वर्षाला दोन सेंटीमीटर म्हणजे शंभर वर्षांस दोन मीटर; हे ऋण निसर्ग कधी ना कधी वसूल करणार, हे मोजणीने सांगितले होते.

२५ एप्रिल २०१५ रोजी दुपारी बाराला चार मिनिटे कमी असताना ही वसुली झाली. गोरखा जिल्ह्यात भ्रंश निसटला, आणि तेथून ते निसटणे पूर्वेकडे, काठमांडूच्या खालून, सुमारे दीडशे किलोमीटरपर्यंत एका मिनिटाच्या आसपास धावत गेले. भूकंपाची महत्ता ७.८ होती. काठमांडूजवळचे डोंगरावरील एक जी.पी.एस. स्थानक त्या वेळी सेकंदाला पाच वेळा आपले स्थान नोंदवीत होते. ते काही सेकंदांत दीड ते दोन मीटर दक्षिणेकडे सरकले आणि मीटरभर वर उचलले गेले. एवढ्या मोठ्या भ्रंशाचे निसटणे इतक्या जवळून आणि इतक्या बारकाईने पूर्वी क्वचितच टिपले गेले असेल.

ह्या नोंदींनी एक कोडे सोडविले. काठमांडूचे खोरे जुन्या सरोवराच्या गाळाने भरलेले आहे. भ्रंश सरकला तो सफाईने, आणि गाळाच्या खोऱ्याने चार-पाच सेकंदांत एक हेलकावा अशा संथ लयीत डोलावयास सुरुवात केली. संथ हेलकाव्यांनी उंच बांधकामे अधिक हलतात, बुटकी घरे त्या मानाने कमी. म्हणून धरहरा हा उंच मनोरा कोसळला, आणि शहरातील पुष्कळशी लहान घरे भीती होती त्या प्रमाणात पडली नाहीत. तथापि डोंगरातील दगडमातीच्या घरांचा चक्काचूर झाला. सुमारे नऊ हजार माणसे मृत्युमुखी पडली.

शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. तो दिवस शनिवार होता, आणि नेपाळात शनिवारी शाळांना साप्ताहिक सुट्टी असते. हजारो वर्गखोल्या त्या दुपारी कोसळल्या किंवा निकामी झाल्या. त्यांत मुले नव्हती. आदल्या दिवशी, शुक्रवारी, त्याच वेळी वर्ग भरलेले होते. भ्रंशावर किती ताण साठला आहे हे मोजणीने सांगितले होते. तो सुट्टीच्या दिवशी सुटेल हे कोणी सांगितले नव्हते आणि सांगणे शक्यही नव्हते.

भूकंपानंतर पुन्हा मोजणी झाली. तिच्यावरून दिसते की, पायथ्याच्या बाजूचा, म्हणजे दक्षिणेकडचा भाग ह्या वेळी तुटला नाही. तो अडकलेलाच आहे. पश्चिम नेपाळ आणि कुमाऊँ ह्या प्रदेशात तर इ.स. १५०५ नंतर फार मोठा भूकंप झालेला नाही. पाचशे वर्षे गुणिले दोन सेंटीमीटर म्हणजे दहा मीटर. मधल्या काळातील लहान भूकंपांत ह्यातील थोडेसे ऋण फिटले असेल, पण बहुतेक शिल्लक आहे.

मोजता येते, पण तारीख सांगता येत नाही

ह्यावर कोणीही विचारील की, ताण किती साठला हे कळते, तर तो केव्हा सुटेल हे का कळू नये? ह्याचे उत्तर सॅन आंद्रेआसवरील पार्कफील्ड नावाच्या एका लहानशा वस्तीने दिले आहे. तेथे १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ ह्या साली मध्यम आकाराचे भूकंप झाले होते; सरासरीने दर बावीस वर्षांस एक. म्हणून अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी १९८५ साली असे भाकीत केले की, पुढचा भूकंप बहुधा १९९३ च्या आत होईल. त्यांनी तेथे नाना तऱ्हांची यंत्रे बसविली आणि वाट पाहिली. १९९३ उलटले, भूकंप झाला नाही. तो झाला २८ सप्टेंबर २००४ रोजी, आणि भोवती इतकी यंत्रे असूनही आधी खात्रीची अशी कोणतीही पूर्वसूचना त्यांत मिळाली नाही. जागा अचूक होती, आकारही अंदाजाप्रमाणे होता. वेळ मात्र चुकली.

ह्यात शास्त्राचा पराभव आहे असे मला वाटत नाही. आपले भाकीत आधी लिहून ठेवणे आणि ते चुकले तर चुकले असे जाहीर करणे, हीच शास्त्राची रीत आहे. गावोगाव अफवा पसरविणारा मनुष्य ही रीत कधीच पाळीत नाही.

मोजणीच्या आणखीही मर्यादा आहेत. उपग्रहांच्या लहरी समुद्राच्या पाण्यातून तळापर्यंत पोहोचत नाहीत. जपानात स्थानकांचे जाळे अत्यंत दाट आहे. परंतु ११ मार्च २०११ चा महाभूकंप ज्या भ्रंशावर झाला, त्याचा सर्वांत अधिक सरकलेला भाग किनाऱ्यापासून दूर, खोल समुद्राखाली होता. तेथे किती ताण साठला आहे ह्याचा अंदाज जमिनीवरील स्थानकांवरून नीट आला नव्हता. त्या दिवशी किनाऱ्यावरील ओशिका द्वीपकल्प पाच मीटरांहून अधिक पूर्वेकडे सरकले आणि मीटरभर खचले.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर

आपल्या महाराष्ट्रास ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा, असे दोन भूकंप विसरता येणार नाहीत. किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास, गणेशविसर्जनाची रात्र सरत असताना झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) ह्या जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसे दगावली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले.

उपग्रहांची मोजणी आपल्याकडे काय सांगते? हिमालयात जशी वर्षाला दोन सेंटीमीटरांची तफावत दिसते, तशी दख्खनच्या पठारावर दिसत नाही. येथील भूमी जवळजवळ एकसंधपणे सरकते. तिच्या आतील फरक इतका सूक्ष्म आहे की तो मापाच्या चुकीतच लपून जातो. म्हणून येथे मोठे भूकंप विरळ होतात. परंतु विरळ म्हणजे अशक्य नव्हे, हे किल्लारीने शिकविले. जेथे मोजणीला काही आढळत नाही, तेथे धोका नाहीच असे समजणे ही मोठीच गैरसमजूत होय. गती मंद असेल तर ताण साठण्यास हजारो वर्षे लागतात, इतकाच त्याचा अर्थ.

ह्या मोजणीची साधने आता आपल्या गावापर्यंत आलेली आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशात ठिकठिकाणी अखंड चालणारी उपग्रहीय स्थानके उभारली आहेत. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचे नकाशे ड्रोनने तयार होतात, त्यांस ह्याच स्थानकांचा आधार असतो. घराची हद्द ठरविणारी विद्या आणि भूमीची चाल ओळखणारी विद्या एकच आहे, हे मुलांना सांगण्याजोगे आहे.

वर्गात काय करावे?

ह्या विषयासाठी महागडी साधने लागत नाहीत. दोन प्रयोग सुचवितो.

पहिला प्रयोग मैदानावरचा. जमिनीवर चुन्याची एक रेघ ओढावी, हा भ्रंश. रेघेला काटकोनात दहा मुलांची हात धरलेली रांग उभी करावी, पाच रेघेच्या एका बाजूस आणि पाच दुसऱ्या. रेघेलगतच्या दोन मुलांनी एकमेकांचे हात घट्ट धरून जागेवर उभे राहावे. टोकाच्या दोन मुलांनी रेघेला समांतर, पण परस्परविरुद्ध दिशांना, अर्धे-अर्धे पाऊल टाकीत जावे. मधल्या मुलांनी हात न सोडता जरूर तेवढेच सरकावे. रांग वाकलेली दिसेल. प्रत्येकाच्या पायाशी खडा ठेवून किती सरकले ते पट्टीने मोजावे: टोकाला जास्त, रेघेजवळ कमी. मग मधल्या दोघांना हात सोडावयास सांगावे आणि दोन्ही बाजूंच्या रांगांनी सरळ व्हावे. रांग रेघेवर तुटून बाजूला सरकलेली दिसेल. रीड यांचा सिद्धांत तो हाच.

दुसरा प्रयोग वर्गातला. खरबरीत फळीवर एक वीट ठेवावी. तिला दोरीने सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधावी, आणि पट्टीचे दुसरे टोक एका दांडक्याला गुंडाळीत सावकाश, एका वेळी बोटभरच ओढावे. पट्टी ताणली जाईल, वीट जागेवरच राहील; मग अचानक वीट सरकेल आणि पट्टी सैल होईल. वीट सरकण्यापूर्वी पट्टी किती ताणली होती आणि वीट किती सरकली, हे प्रत्येक वेळी फळ्यावर लिहावे. दहा वेळा झाल्यावर मुलांना विचारावे, आता अकरावे सरकणे कोणत्या क्षणी होईल? कोणी म्हणेल पट्टी इतकी ताणली की. आणि वीट त्याच्या आधी किंवा नंतर सरकेल. ताण मोजता येतो, तो सुटणार हे सांगता येते, पण क्षण सांगता येत नाही, ही गोष्ट मुले स्वतःच्या हातांनी शिकतील. ज्या मुलाने हा प्रयोग केला, ते पुढे तारीख सांगणाऱ्या अफवेवर सहसा विश्वास ठेवणार नाही. आणि घरी जाऊन आईवडिलांनाही चार शब्द सांगेल.

ह्याच तासाला, जोडूनच, दुसरे काम करून घ्यावे. वीट केव्हा सरकेल हे ठाऊक नाही, तर आपण काय करावयाचे? आपली वर्गखोली डोळसपणे पाहावयाची. भिंतीला तडा आहे काय? कपाट भिंतीला पक्के बांधले आहे काय, की ते दारावरच पडेल? दार आतल्या बाजूस उघडते की बाहेरच्या? धक्का बसत असताना बाकाखाली जाऊन डोके झाकावे, धावाधाव करू नये. धक्का थांबल्यावर रांगेने मैदानावर यावे. ह्याचा सराव वर्षातून दोनदा तरी व्हावा. जेथे भिंत धोक्याची दिसेल, तेथे मुख्याध्यापकांनी लेखी कळवावे आणि त्याचा पाठपुरावा करावा.

आकाशातील उपग्रह आणि खडकात रोवलेला खांब ह्यांच्यामध्ये दररोज चालणारी ही मोजणी आपल्या कामासारखीच आहे. एका दिवसात तिचे काही दिसत नाही. मुलाच्या प्रगतीचेही एका दिवसात काही दिसत नाही. वर्षाचा आलेख काढला म्हणजे दिसते. फरक इतकाच की, भूमीची चाल आपण केवळ मोजू शकतो, बदलू शकत नाही. शाळेची भिंत, मुलांची समज आणि गावाची सावधगिरी मात्र आपण बदलू शकतो. नेपाळातील मुले त्या दिवशी वाचली ती सुट्टी होती म्हणून. आपली मुले शाळेच्या दिवशीही वाचली पाहिजेत, एवढी खूणगाठ आपण बांधावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.